चौकटीवरचा ठसा: स्कॉटलंडमध्ये खुनाचा तपास कसा होतो

जानेवारी १९९७ मधली गोष्ट. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला किल्मारनॉक नावाचं गाव आहे. तिथे एकट्या राहणाऱ्या एका बाईंचा त्यांच्याच घरात खून झाला. तपासाच्या पथकात शर्ली मॅकी नावाच्या डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल होत्या. घरात जे बोटांचे ठसे मिळाले, त्यातला एक न्हाणीघराच्या दाराच्या चौकटीवर होता. ठसे विभागाने तो तपासून कळवलं, की हा शर्ली मॅकी यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा आहे.

मॅकी म्हणाल्या, मी पोर्चच्या पुढे पाऊलही टाकलेलं नाही.

पोलिसाचाच ठसा घटनास्थळी मिळाला, त्यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. चुकून आत डोकावली असेल, वरिष्ठांची बोलणी खाल्ली की विषय संपला. पण मॅकी आपलं म्हणणं सोडेनात आणि ठसे विभाग आपलं सोडेना. हा वाद चौदा-पंधरा वर्षं चालला. त्यात मॅकींची नोकरी गेली, एका तरुणाची जन्मठेप रद्द झाली आणि बोटाचा ठसा म्हणजे शंभर टक्के पुरावा ही शतकभराची समजूत स्कॉटलंडला सोडावी लागली.

हे प्रकरण समजून घ्यायचं तर तिथे खुनाचा तपास कसा चालतो हे आधी समजलं पाहिजे. तो आपल्यापेक्षा वेगळा आहे आणि शेजारच्या इंग्लंडपेक्षाही वेगळा आहे. १७०७ साली दोन्ही देशांची संसद एक झाली, पण स्कॉटलंडने आपली न्यायालयं आणि आपला कायदा स्वतःकडे ठेवला. तो आजही स्वतंत्र आहे.

तपास पोलिसांचा, शब्द फिस्कलचा

आपल्याकडे खून झाला की पोलीस गुन्हा नोंदवतात, तपास करतात आणि तेच न्यायालयात आरोपपत्र दाखल करतात. सरकारी वकील खऱ्या अर्थाने त्यानंतर उभा राहतो. स्कॉटलंडमध्ये सरकारी वकील पहिल्या दिवसापासून असतो. त्याला ‘प्रोक्युरेटर फिस्कल’ म्हणतात. हे पद काही शतकं जुनं आहे. पूर्वी हा माणूस शेरिफच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायाधीशाच्या, खजिन्यासाठी दंड वसूल करायचा, म्हणून नावात ‘फिस्कल’ आलं. आज संशयास्पद मृत्यूचा तपास त्याच्या अधिकाराखाली चालतो. पोलिसांनी पुरावा गोळा करायचा आणि अहवाल फिस्कलला द्यायचा. खटला भरायचा की नाही, कोणत्या आरोपाखाली भरायचा, हे फिस्कल आणि त्याच्यावरचे ‘लॉर्ड अ‍ॅडव्होकेट’, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रमुख, यांचं खातं ठरवतं. फिस्कलने कायदेशीर सूचना दिली, तर ती पाळणं पोलिसांना बंधनकारक असतं.

इंग्लंडमध्ये अचानक झालेल्या मृत्यूची चौकशी कॉरोनर करतो. स्कॉटलंडमध्ये कॉरोनरच नाही. ते कामही फिस्कलचंच. मध्यरात्री मृतदेह सापडला की ड्युटीवरच्या फिस्कलचा फोन वाजतो, आणि खुनाचा संशय असेल तर तो अनेकदा घटनास्थळीही येतो.

आणखी एक गोष्ट वाचून मला सुरुवातीला विश्वासच बसला नव्हता. स्कॉटलंडमध्ये खुनाची व्याख्या करणारं कलमच नाही. आपल्याला ‘तीनशे दोन’ हा आकडा इतका पाठ, की तो बोलीभाषेत शिरला. तिथे असा आकडा नाही. न्यायालयांच्या शतकानुशतकांच्या निकालांतून व्याख्या घडत गेली. जीव घेण्याचा दुष्ट हेतू असेल, किंवा समोरचा जगला काय मेला काय याची पर्वाच न करणारा दुष्ट बेदरकारपणा असेल, तर तो खून. तसं नसेल तर सदोष मनुष्यवध. खून सिद्ध झाला की जन्मठेप ठरलेली. किमान किती वर्षं आत राहायचं एवढंच न्यायाधीश ठरवतात.

एक नाही, दोन

आता स्कॉटिश तपासाच्या मुळाशी असलेल्या नियमाकडे येऊ. हा कळला की बाकीचं आपोआप उलगडतं. गुन्हा घडला, आणि तो या आरोपीने केला, या दोन्ही गोष्टी किमान दोन स्वतंत्र मार्गांनी सिद्ध झाल्या पाहिजेत. एका माणसाच्या शब्दावर कुणालाही दोषी ठरवता येत नाही. तो माणूस कितीही सज्जन असो, साक्ष कितीही पटणारी असो. आरोपीने स्वतः कबुली दिली तरी ती एकटी पुरत नाही, तिला बाहेरून जोड लागते.

आपला कायदा याच्या बरोबर उलट बोलतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १३४ व्या कलमात लिहिलं होतं, की कोणतीही गोष्ट सिद्ध करायला अमुक इतकेच साक्षीदार हवेत असं नाही. आपली न्यायालयं त्यामुळे वारंवार सांगतात, की साक्षी मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. स्कॉटलंड आधी मोजतं, मग तोलतं.

या नियमाने पोलिसांचं रोजचं कामही जोडीजोडीत बांधून टाकलं आहे. संशयिताचा जबाब घ्यायला दोन अधिकारी बसतात. संशयास्पद मृत्यूचं शवविच्छेदन दोन डॉक्टर करतात. मृतदेहाची ओळख पटवायलाही परंपरेने दोन माणसं लागतात. घरच्यांसाठी हा प्रसंग किती कठीण असेल, ते सांगायला नको. ठशांच्या अहवालावर दोन तज्ज्ञांची सही लागते. आपल्या पंचनाम्याला दोन पंच लागतात, तोच विचार तिथे अख्ख्या व्यवस्थेत झिरपलेला आहे. ग्लासगोचे पोलीस आपल्या जोडीदाराला ‘नेबर’, म्हणजे शेजारी म्हणतात. ‘आज माझा शेजारी सुट्टीवर आहे’ असं तिथला पोलीस म्हणाला, तर तो बिल्डिंगमधल्या माणसाबद्दल बोलत नसतो.

कबुलीला जोड देण्याची एक वाट आपल्यालाही ओळखीची वाटेल. आरोपीने अशी माहिती सांगितली जी गुन्हेगारालाच ठाऊक असू शकते, समजा हत्यार कुठे पुरलंय, आणि ते तिथेच मिळालं, तर ती जोड धरली जाते. आपल्याकडे आरोपीने ‘काढून दिलेल्या’ हत्याराच्या निवेदन पंचनाम्यामागे असाच विचार आहे.

हा नियम काढून टाकावा, अशी शिफारस २०११ मध्ये लॉर्ड कार्लोवे या न्यायाधीशांच्या अहवालाने केली होती. बलात्कार आणि घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यांत दुसरा साक्षीदार सहसा नसतोच, त्यामुळे अनेक खरी प्रकरणं न्यायालयापर्यंत पोचत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे आणि मला तो पटतो. सरकारने विधेयक आणलं, त्याला मोठा विरोध झाला आणि २०१५ मध्ये ते कलम वगळण्यात आलं. नियम राहिला. न्यायालयांनी मात्र ‘दुसरा पुरावा’ कशाला म्हणायचं याची मर्यादा अलीकडे सैल केली आहे.

तरुण डिटेक्टिव्ह नेमकं काय करते

‘डिटेक्टिव्ह’ ही बढती नाही, हे आधी सांगायला हवं. डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल आणि गणवेशातला कॉन्स्टेबल यांचा हुद्दा एकच. भरती झालेली प्रत्येक व्यक्ती आधी फाइफमधल्या टलीअ‍ॅलन किल्ल्यातल्या पोलीस महाविद्यालयात शिकते आणि मग गणवेशात रस्त्यावर उतरते. उमेदवारीची दोन वर्षं संपल्यावर गुन्हे शाखेचा रस्ता उघडतो. पूर्वी देशात आठ वेगवेगळी पोलीस दलं होती. १ एप्रिल २०१३ रोजी ती एकत्र करून ‘पोलीस स्कॉटलंड’ झालं, आणि खुनांसाठी उत्तर, पूर्व आणि पश्चिम भागांत खास तपास पथकं उभी राहिली.

देशाची वस्ती पंचावन्न लाखांच्या घरात. वर्षाला साधारण पन्नास-साठ खून होतात. या शतकाच्या सुरुवातीला हा आकडा शंभराच्या वर असे. म्हणून एकेका खुनामागे मोठं पथक लावणं तिथे शक्य होतं.

समजा, सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी अशा पथकात नवी आली आहे. तिच्या वाट्याला काय येतं? वरिष्ठ तपास अधिकारी ठरवतो तपासाची दिशा. प्रत्येक छोटं काम ‘अ‍ॅक्शन’ म्हणून क्रमांकासह वाटलं जातं. अमुक गल्लीतल्या घराघरांत विचारणा कर. बसमधलं चित्रीकरण मिळव. टॅक्सीवाल्याचा जबाब घे. दुकानाच्या पावतीवरची वेळ आणि दुकानातल्या घड्याळाची वेळ जुळते का बघ. यातलं बहुतेक काम निष्फळ ठरतं आणि तरीही ते लिहून ठेवावंच लागतं.

ही माहिती ‘होम्स’ नावाच्या संगणक प्रणालीत जाते. तिच्यामागे एक वेदनादायक धडा आहे. १९७५ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या यॉर्कशर आणि मँचेस्टर भागांत एका माणसाने तेरा स्त्रियांचे खून केले. पकडला जाण्याआधी पोलिसांनी त्याला नऊ वेळा प्रश्न विचारून सोडून दिलं होतं. माहिती कागदी कार्डांवर होती, कार्डांचे ढीग इतके झाले की एका कार्डाचा दुसऱ्याशी संबंध लागेना. त्यानंतर, १९८०च्या दशकाच्या मध्यात, ही प्रणाली आली. आपल्या नव्या डिटेक्टिव्हने आणलेला टॅक्सीवाल्याचा जबाब त्यात जातो, आणि तीन महिन्यांनी तीच गाडी दुसऱ्या जबाबात आली तर ती नजरेसमोर येते.

घटनास्थळाला स्कॉटिश पोलीस ‘लोकस’ म्हणतात आणि मुद्देमालाला ‘प्रॉडक्शन’. लोकसवर कोण कधी गेलं, कधी बाहेर आलं, याची नोंदवही दारात असते. तपासातल्या पोलिसांचे ठसेही घेऊन ठेवतात, म्हणजे त्यांचे ठसे वगळून उरलेल्यांकडे लक्ष देता येतं. शर्ली मॅकींचा ठसा अशाच वगळणीतून ‘जुळला’ होता.

संशयिताला पकडलं की घड्याळ सुरू होतं. आरोप न ठेवता साधारण बारा तास ताब्यात ठेवता येतं, वाढवून चोवीस. २०१० पर्यंत वकिलाशिवाय सहा तास चौकशी चालायची. पीटर कॅडर या तरुणाच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानवी हक्कांविरुद्ध ठरवलं आणि स्कॉटिश संसदेला घाईघाईने कायदा बदलावा लागला. आरोपी गप्प राहिला, तर त्या गप्प राहण्यातून न्यायालयाने काही अर्थ काढायचा नसतो. इंग्लंडमध्ये तो काढता येतो.

आणि सगळ्यात जड जबाबदारी म्हणजे हाती लागलेलं सगळं उघड करणं. आरोपीच्या बाजूचं काही मिळालं, तर तेही फिस्कलपर्यंत आणि तिथून बचाव पक्षापर्यंत पोचलंच पाहिजे. आज हे कायद्यात लिहिलेलं आहे. एका डिटेक्टिव्हने मात्र ते कायद्यात येण्याच्या कितीतरी आधी केलं होतं.

जॉन ट्रेंचची गोष्ट

२१ डिसेंबर १९०८ ची संध्याकाळ, ग्लासगो शहर. ऐंशी पार केलेल्या मॅरियन गिलख्रिस्ट यांची मोलकरीण संध्याकाळचं वर्तमानपत्र आणायला दहाएक मिनिटं बाहेर गेली. परत आली तर खालच्या मजल्यावरचा शेजारी दारात उभा होता. वरून आदळआपट ऐकू आली म्हणून तो आला होता. तिने दार उघडलं. आतून एक माणूस शांतपणे आला आणि दोघांच्या शेजारून जिना उतरून गेला. आत गिलख्रिस्टबाई रक्तात पडल्या होत्या. हिऱ्यांचा एक ब्रोच नाहीसा झाला होता.

ऑस्कर स्लेटर नावाचा एक जर्मन ज्यू हिऱ्यांच्या ब्रोचची गहाणपावती विकायला फिरतोय, असं पोलिसांना कळलं. तो खोट्या नावाने न्यूयॉर्कच्या बोटीत बसला होता. पोलिसांना वाटलं, सापडला. लवकरच उघड झालं, की त्याचा ब्रोच खुनाच्या काही आठवडे आधीच गहाण पडलेला होता, म्हणजे तो गिलख्रिस्टबाईंचा असूच शकत नव्हता. ज्या धाग्याने त्याच्यापर्यंत पोचले तो धागाच तुटला, पण पोलिसांनी माणूस सोडला नाही.

मग साक्षीदारांनी त्याला ओळखलं. मोलकरणीने ओळखलं, रस्त्यावर पळता माणूस पाहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीने ओळखलं. दोन साक्षीदार, म्हणजे नियम पुरा झाला. पण या दोघींना आधी स्लेटरचा फोटो दाखवला होता. ओळख पटवायला त्यांना न्यूयॉर्कला नेलं, ते एकाच बोटीतल्या एकाच केबिनमधून, आणि वाटेत या विषयावर आपण बोललोच नाही असं त्या सांगत राहिल्या. पंधरा ज्युरींपैकी नऊ जण ‘दोषी’ म्हणाले, पाच ‘सिद्ध झालेलं नाही’, आणि एक ‘निर्दोष’. स्कॉटलंडमध्ये तेव्हा साधं बहुमत पुरायचं. फाशी ठरली, दोन दिवस आधी ती जन्मठेपेत बदलली आणि स्लेटर पीटरहेडच्या तुरुंगात गेला. (हा ‘सिद्ध झालेलं नाही’ नावाचा तिसरा निकाल २०२५ च्या कायद्याने रद्द झाला, आणि दोषी ठरवायला आता पंधरापैकी किमान दहा ज्युरी लागतात.)

जॉन थॉमसन ट्रेंच हे ग्लासगो पोलिसांतले डिटेक्टिव्ह. या तपासात तेही होते. १९१२ मध्ये डंडीजवळच्या ब्रॉटी फेरी गावात एका वृद्धेचा खून झाला, तेव्हा मदतीला त्यांना पाठवलं. तिथेही अनेक साक्षीदारांनी एका परदेशी माणसाकडे ठामपणे बोट दाखवलं होतं. तो म्हणत होता, मी त्या वेळी बेल्जियममध्ये होतो, अँटवर्पला माझं जाकीट गहाण ठेवलंय. ट्रेंच अँटवर्पला गेले आणि त्यांनी ते जाकीट शोधून काढलं. माणूस सुटला. प्रामाणिक माणसं, मोठ्या संख्येने, एकाच वेळी चुकू शकतात, हे ट्रेंच यांनी तिथे स्वतः पाहिलं होतं.

माझा कयास असा, की त्यानंतर त्यांना स्लेटर स्वस्थ बसू देईना. खुनाच्या रात्री मोलकरणीने वेगळ्याच माणसाचं नाव घेतलं होतं आणि ती माहिती दाबली गेली, असं ट्रेंच यांनी १९१४ मध्ये एका वकिलाला सांगितलं. बंद दाराआड चौकशी झाली आणि तिच्यातून काही निघालं नाही. ट्रेंच यांनाच नोकरीतून काढलं. पुढे चोरीचा माल ठेवल्याच्या आरोपाखाली त्यांना अटकही झाली. तो खटला न्यायाधीशांनीच थांबवला. १९१९ मध्ये, पन्नाशीत, ते गेले. स्लेटर १९२७ मध्ये बाहेर आला आणि १९२८ मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली. ट्रेंच यांना ते पाहायला मिळालं नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

स्लेटरसाठी वर्षानुवर्षं लढणाऱ्यांत एडिंबरात जन्मलेले लेखक आर्थर कॉनन डॉयल होते. त्याआधी ते इंग्लंडमधल्या जॉर्ज एडलजी या निरपराध वकिलासाठी असेच उभे राहिले होते. त्या एडलजींचे वडील मुंबईचे पारशी, पुढे ख्रिस्ती होऊन इंग्लंडला गेलेले आणि तिथे धर्मगुरू झालेले. एकात ज्यू, दुसऱ्यात पारशी. ‘बाहेरचा’ दिसणारा माणूस संशयाला किती पटकन चिकटतो, ते दोन्हींत दिसतं.

ठसा कसा जुळवतात

स्लेटरच्या खटल्यात सगळी भिस्त डोळ्यांवर होती. किल्मारनॉकच्या खटल्यात ती विज्ञानावर होती, म्हणून तिथे चूक होणारच नाही असं सगळ्यांनी धरलं.

बोटाच्या टोकावरच्या रेषा कुठे संपतात, कुठे दुभंगतात, कुठे छोटं बेट करतात, या खुणा ठसेतज्ज्ञ बघतो. कागदावर शाईने नीट घेतलेला ठसा आणि चौकटीवर उमटलेला ठसा यांत फार फरक असतो. दुसरा अर्धवट, दाबाने फाकलेला, धूळ लागलेला असतो. दोन्हींत सोळा खुणा जुळल्या तर ओळख पक्की, असं ब्रिटनमध्ये दीर्घकाळ मानत. पण एखादा ठिपका खूण आहे की डाग, हे शेवटी माणसाचा डोळाच ठरवतो. जुळणारा ठसा समोर ठेवला, की धूसर जागी त्याच खुणा दिसू लागतात.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच अनुभवी तज्ज्ञांना ठशांची एकेक जोडी दिली आणि सांगितलं, की ही अमेरिकेत गाजलेल्या चुकीच्या ओळखीची जोडी आहे. प्रत्यक्षात त्यांनीच काही वर्षांपूर्वी ‘जुळतात’ म्हणून सही केलेले ते ठसे होते. पाचपैकी चौघांनी आपलं मत बदललं. ठसे तेच, डोळे तेच, फक्त आधी कानावर घातलेलं वाक्य नवं.

या शास्त्राच्या जन्मातही स्कॉटलंड आहे आणि भारतही आहे. गुन्हेगार शोधायला ठसे वापरावेत, असं १८८० मध्ये छापून मांडणारे डॉक्टर हेन्री फॉल्ड्स एअरशरमधल्या बीथ गावचे. किल्मारनॉक त्याच परगण्यात येतं. ठशांचं वर्गीकरण करून ते पोलिसांना वापरण्याजोगं केलं ते कलकत्त्यात, एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली. त्यामागचं गणिती डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचं. पोलिसांचं ठसे केंद्रही तिथे १८९७ मध्येच सुरू झालं. आणि फॉल्ड्स? एकाच बोटाच्या ठशावर कुणाला दोषी ठरवू नका, असं ते पुढे सांगत राहिले. त्यांच्याच परगण्यात नव्वदेक वर्षांनी ते ऐकायला हवं होतं.

पिंजऱ्यात डिटेक्टिव्ह

किल्मारनॉकच्या खुनासाठी घरदुरुस्तीची कामं करणाऱ्या एका तरुणावर खटला भरला गेला. त्याच्या घरी पैसे ठेवलेला एक पत्र्याचा डबा मिळाला होता आणि त्यावर मृत बाईंचा ठसा आहे, असं ठसे विभागाचं म्हणणं होतं. हा डबा खटल्याचा कणा होता. मॅकी साक्षीला आल्या आणि शपथेवर सांगितलं, की चौकटीवरचा ठसा माझा नाही. हे अवघड वाक्य होतं. ते खरं धरलं, तर ज्या विभागाने चौकटीवरचा ठसा ओळखला त्याच विभागाच्या डब्यावरच्या ठशावर विश्वास कसा ठेवायचा?

तरुणाला जन्मठेप झाली. १९९८ मध्ये मॅकी यांनाच अटक झाली, आरोप शपथेवर खोटं बोलल्याचा. ठसे विभागाच्या चार तज्ज्ञांनी त्यांच्याविरुद्ध एकच मत दिलं होतं. दोनाचा नियम दुपटीने पुरा झाला होता. पण चौघं एका कार्यालयातले, पहिल्याचं मत पुढच्यांना ठाऊक असलेले. त्यांची साक्ष ही एकाच साक्षीची चार वेळा केलेली नक्कल होती. स्लेटरच्या बोटीतल्या त्या केबिनहून वेगळं काही नाही.

अमेरिकेतल्या दोन ठसेतज्ज्ञांनी बचावासाठी ठसा तपासला आणि हा त्यांचा नाहीच, असं न्यायालयाला दाखवून दिलं. मे १९९९ मध्ये ज्युरीने एकमताने मॅकी यांना निर्दोष ठरवलं. पोलीस सुपरिंटेंडंट म्हणून निवृत्त झालेले त्यांचे वडील इयन मॅकी पुढची कित्येक वर्षं मुलीसाठी झगडले. ज्या खात्यात आयुष्य घालवलं त्याच्याच विरुद्ध. २००० मध्ये पोलीस निरीक्षणालयाच्या अहवालानेही ठसा त्यांचा नसल्याचं म्हटलं. २००२ मध्ये त्या तरुणाची शिक्षा रद्द झाली. २००६ मध्ये मॅकी यांना साडेसात लाख पौंड भरपाई मिळाली, तीही चूक ‘प्रामाणिकपणे’ झाली असं सरकार म्हणत असताना. त्याच वर्षी सोळा खुणांचा दंडकही स्कॉटलंडने सोडला.

एखाद्या न्यायाधीशाने जाहीर चौकशी करून सगळं तपासावं, ही मागणी शेवटी मान्य झाली. उत्तर आयर्लंडचे निवृत्त न्यायाधीश सर अँथनी कँपबेल यांच्या चौकशीचा अहवाल १४ डिसेंबर २०११ रोजी आला. चौकटीवरचा ठसा मॅकी यांचा नव्हता. डब्यावरचा ठसाही मृत बाईंचा म्हणून चुकीने ओळखलेला होता. कुणी कट केला नव्हता, माणसं चुकली होती. अहवालाने ८६ शिफारशी केल्या. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी अशी: ठशाची ओळख वस्तुस्थिती म्हणून मांडू नका, तज्ज्ञाचं मत म्हणून मांडा, आणि ते मत कसं बनलं हे सांगता आलं पाहिजे. गुंतागुंतीच्या ठशांत दुसऱ्या तज्ज्ञाने पहिल्याचा निष्कर्ष न जाणता तपासणी करावी, यावरही तिथून भर आला.

आज स्कॉटलंडमध्ये न्यायवैद्यक सेवा पोलिसांच्या हाताखाली नाहीत, त्या वेगळ्या प्राधिकरणाकडे आहेत. आपली ती सव्वीस वर्षांची नवी डिटेक्टिव्ह ठसा पाठवते, तेव्हा कुणाचा असावा हा तिचा अंदाज तपासणाऱ्यापर्यंत जितका कमी पोचेल तितकं चांगलं, हे आता तिला शिकवण्याची गोष्ट आहे.

किल्मारनॉकच्या त्या घरातल्या बाईंच्या खुनासाठी मात्र, त्या तरुणाची शिक्षा रद्द झाल्यानंतर, आजवर कुणालाही दोषी ठरवलं गेलेलं नाही. चौकटीवरचा ठसा कुणाचा, तेही कळलेलं नाही.